पहिल्या बांगेचा कोंबडा

जेठाच्या अखेरीला पाथरवाडीत कोंबड्यांची मर आली आणि बघता बघता वाडीतली सगळी खुराडी रिकामी झाली. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान वाकडी करून गोल गोल फिरायची आणि दिवेलागणीला पाय ताणून पडायची. सरुबाईनं लसूण भरवला, कुणी मिरी ठेचून चारली, कुणी अंगारा लावला. औषध करणाऱ्यांचे हात थकले, पण मर काही थकली नाही. शेवटी सगळ्या वाडीत एकच कोंबडी उरली, आणि तीसुद्धा कुणाच्या घरी, तर मुलाण्याच्या!

एरवी वाडीनं ह्यावर पोट धरून हसून घेतलं असतं. फकरुद्दीन मुलाणी म्हणजे वाडीची सुरी. लग्नाचं बकरं असो की आखाडाचा कोंबडा, फकरूभाईनं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय वाडीत कुणाच्या चुलीवर कालवण चढत नसे. पण ह्याच फकरूभाईची सुरी घरच्या पाखरावर चालत नसे. "घरचं मला वळखतं," म्हणायचा, आणि घरी पाहुणे आले की आपली कोंबडी काखोटीला मारून पलीकडच्या गावच्या मुलाण्याकडं चालत जायचा. बायको हुस्नबानो ह्यावरून त्याला लग्न झाल्यापासून चिडवत आली होती. तिच्या स्वतःच्या हाताला मात्र गुण होता. तिनं बसवलेली अंडी सहसा वाया जात नसत, म्हणून वाडीतल्या बायका आपापली अंडी तिच्याच खुडूक कोंबडीखाली आणून ठेवायच्या.

उरलेल्या कोंबडीचं नाव चितरी. वयानं पोक्त, एक पंख जरा लोंबता. मर चालू होती तेव्हा ती म्हशीच्या गव्हाणीमागं एकटीच जाऊन बसली होती, म्हणून वाचली असावी. मर सरली आणि चितरी खुडूक झाली. अंग फुगवून बसायची, कुणी जवळ गेलं की घशातल्या घशात गुरगुरायची. हुस्नबानोनं ते ओळखलं आणि नाचणीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला. लोणावळ्याच्या बंगल्यांवर विकायला म्हणून तिनं मर येण्याआधीची अंडी नाचणीत पुरून ठेवली होती. ती एक एक करून तिनं भाताच्या तुसानं भरलेल्या पाटीत मांडली. वीज कडाडली तर अंडी नासतात, म्हणून तळाशी लोखंड हवं. फकरूभाईला कधीतरी रेल्वेच्या रुळाच्या कडेला सापडलेला गंजका खिळा तिनं तुसात खोचला आणि चितरीला वर बसवलं.

"आल्ला, येवडी पदरात घाल," ती म्हणाली.

तिचं म्हणणं काही उगाच नव्हतं. वाडीत आता एकही कोंबडा जिवंत नव्हता. इथून पुढं चितरीनं कितीही अंडी घातली असती तरी ती वांझच. ह्या एका पाटीतून पिल्लं निघाली तर वाडीत पुन्हा कोंबड्या नांदणार, नाही तर नाही.

आषाढ लागला तसा पावसानं ताळतंत्र सोडलं. सह्याद्रीच्या कुशीतला पाऊस तो, एकदा मुक्कामाला आला की उठायचं नाव काढत नाही. मुलाण्याचं घर म्हणजे एकच लांबडी खोली. एका अंगाला म्हैस आणि दोन शेळ्या, दुसऱ्या अंगाला माणसं, मध्ये चूल. छपराचं गवत जुनं झालेलं. हुस्नबानो कधी परात सरकवायची, कधी मडकं. चितरीची पाटी तिनं आधी कणगीमागं ठेवली, तिथं गळलं. मग दारामागं ठेवली, तिथं वाऱ्यानं झड आली. शेवटी घरात एकच कोरडी जागा उरली, चुलीच्या उजव्या अंगाची, जिथं फकरूभाई निजायचा.

तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं.

"समजलं," फकरूभाई म्हणाला आणि आपली वाकळ उचलून म्हशीजवळ गेला. "राणीसाहेब ऱ्हाऊ द्यात महालात. आमी आपलं तबेल्यात."

म्हैस रात्रभर त्याचे तळपाय चाटायची. सकाळी तो पाय पुसत उठायचा आणि आधी चितरीच्या पाटीत डोकवायचा.

हुस्नबानोचा दिवस जनावरांपायी कसा उजाडायचा नि कसा मावळायचा तिचं तिला कळत नसे. पेंढा ओला, गोवऱ्या ओल्या, जळण ओलं. ती चुलीच्या उबेला मूठ मूठ पेंढा सुकवायची आणि म्हशीपुढं टाकायची. शेळ्यांच्या खुरांत चिखलानं जखमा झाल्या. त्यांचे पाय मांडीवर घेऊन ती खुरांच्या फटी फडक्यानं कोरड्या करायची आणि करंजाचं तेल भरायची. डासांसाठी संध्याकाळी लिंबाच्या पाल्याचा धूर केला की माणसं आणि जनावरं एकदमच खोकायची. ह्या सगळ्यात चितरी तेवढी शांत. दिवसातून एकदा उठून दाणा-पाणी करायची, अंग झाडायची आणि पुन्हा अंडी पोटाखाली ओढून घ्यायची. तिच्याकडं बघितलं की हुस्नबानोच्या जिवाला बरं वाटायचं.

वाडीची भातलावणी उरकली त्याच्या दुसऱ्या दिवशी रखमाजीआबा दारात आला. आबा वाडीचा कारभारी, सरुबाईचा नवरा. इरलं उतरवून तो उंबऱ्याशीच उभा राहिला. लावणीच्या चिखलानं त्याच्या पायांच्या बेचक्या कुजून पांढऱ्या झाल्या होत्या. मागं वाडीतलाच गेणू उभा होता.

"या आबा. बसा की," हुस्नबानो म्हणाली.

"बसत न्हाई पोरी. पाय भरल्यात." आबानं एकदा छपराकडं बघितलं, एकदा म्हशीकडं. मुद्द्याचं काही बोलेना.

"आबाला बोलवंना, तवा म्या सांगतू," गेणू म्हणाला. "लावणी झाली. आता वाघजाईला राखणीचा कोंबडा द्याया पायजे. गेल्या साली राखण द्यायला उशीर झाला आन माजा बैल वाघानं नेला. ह्या साली राखणीबिगर गुरं डोंगराला घालायची कशी?"

"मग द्या की राखण," फकरूभाई म्हणाला. पण त्याचा आवाज खाली आला होता. गेणू कशाला आला हे त्याला कळून चुकलं होतं.

"कोंबडा हाय कुटं वाडीत? पल्याड जावं तर नदीला पूर. आन गेलं तरी समद्या मावळात हीच गत. वाडीत पाखरू म्हंजी तुमची कोंबडी तेवडी."

"खुडूक हाय ती, गेणू. अंड्यांवर बसलीया. आन कोंबड्याचा मान कोंबडीला कसा?"

"देवी उपाशी ऱ्हाण्यापरीस बरं."

फकरूभाईनं मान खाली घातली. वाडीच्या खळ्यावरच्या धान्यावर त्याचं घर चालत होतं. देवीच्या कामाला मुलाण्यानं नाही म्हटलं, असं त्याच्या आज्या-पणज्यात कधी झालं नव्हतं, आणि गेणूचं भय खोटं होतं असंही नव्हे. त्याचा बैल गेला तेव्हा त्याच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती, हे हुस्नबानोनं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. ती उठली. पाटीशी वाकली आणि तिनं चितरीला दोन्ही हातांनी उचललं.

"घ्या आबा," ती म्हणाली. "देवीचं आसंल तर देवीला न्या."

आबानं कोंबडी घेतली. चितरीनं चोच मारली नाही, पंख फडफडवले नाहीत. नुसती मान लांब करून पाटीकडं बघत राहिली. अंड्यांवर बसून बसून तिच्या छातीखालची पिसं गळाली होती. उघडं, तापलेलं कातडं आबाच्या पावसानं गारठलेल्या तळहाताला लागलं आणि त्याखाली तिचं काळीज धडधडत होतं. आबा तसाच उभा राहिला. मग एक हात मोकळा करून त्यानं पाटीतल्या अंड्याला बोट लावून बघितलं.

"गरम हाय की गं," तो म्हणाला.

"आज-उद्याकडं आल्यात आबा."

आबा गुडघ्यावर बसला. आपल्या राकट हातांनी त्यानं चितरीला पाटीत ठेवलं, लोंबता पंख नीट केला आणि बाजूला राहिलेलं एक अंडं तिच्या पोटाखाली सरकवलं.

"चल, गेणू."

"आबा! आन देवी?"

"देवीला म्या सांगतू. ती बी लेकुरवाळीच हाय. ह्या पाटीतला जो कोंबडा पयली बांग देईल त्यो तिचा. ज्याच्या घरचा आसंल त्यानं रडायचं न्हाई. तवर नारळ फोडू."

"आन तवर वाघानं कुणाचं जनावर उचललं तर?"

"तर माज्या दावणीचं सोडून त्याच्या दावणीला बांधीन. आता चल."

ते गेल्यावर हुस्नबानो चुलीपुढं बसून रडली. कोंबडी वाचली म्हणून रडली, आणि आबानं आपल्या दावणीचं जनावर तिच्या पाटीवरून पैजेला लावलं म्हणून जास्त रडली. आबाच्या दावणीला होतं तरी काय! दोन बैल आणि एक भाकड गाय.

देवीनंही काही फार दिवस वाट बघितली नाही. तिसऱ्याच दिवशी धुकं असं उतरलं की समोरचं घर दिसेना, आणि संध्याकाळी गुरं खाली आली त्यात गेणूची कालवड नव्हती. गेणू मुलाण्याच्या दारापुढं चिखलात उभा राहून ओरडायला लागला.

"घ्या! जपा कोंबडी! गरिबाच्या दावणी रिकाम्या होऊ द्या!"

वाडीतल्या बायका दारादारांतून बघत होत्या. गेल्याच पंधरवड्यात ह्यांतल्या कितीजणी तिच्याकडं पिल्लांचा शब्द टाकून गेल्या होत्या. आज एकीनंही गेणूला गप बस म्हटलं नाही. हुस्नबानोनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात आबा आपल्या घरातून निघाला. हातात काठी, डोक्यावर इरलं. तो सरळ डोंगराच्या वाटेला लागला. फकरूभाईनं कोयता घेतला आणि त्याच्यामागं गेला. मग गेणूही गेला.

हुस्नबानो पाटीजवळ येऊन बसली. तिला चितरीचं तोंड बघवेना. आबाचा बैल आता गेणूच्या गोठ्यात जाणार, एका बैलावर आबा पुढची नांगरट कशी करणार, सरुबाई तिला काय म्हणणार, असं सगळं डोक्यात फिरत होतं. आणि मधेच तिच्या कानावर काहीतरी आलं. तिनं श्वास धरला. चितरीच्या पोटाखालून, कवचाच्या आतून, बारीक चिवचिव येत होती. चितरी मान वाकडी करून हळू आवाजात तिला जाब देत होती.

दिवे लागले तेव्हा बाहेर माणसं बोलल्याचा आवाज आला. कालवड करवंदीच्या जाळीत अडकली होती. शिंगांना वेल गुरफटलेले, पुढचा पाय दगडात. आबानं पोटावर सरपटत जाऊन पाय मोकळा केला आणि फकरूभाईनं जाळी तोडली. गेणूनं कालवडीच्या गळ्याला मिठी मारली होती आणि तो तिच्याच कानात रडत होता. आबाच्या दोन्ही पोटऱ्या काट्यांनी फाटल्या होत्या. हुस्नबानोनं एकाच श्वासात अल्लाचं नाव घेतलं आणि वाघजाईचंही घेतलं. कोणाचं आधी घेतलं ते तिला नंतर आठवेना.

तिनं पाणी तापवून आबाच्या पायांवर ओतलं आणि हळद दाबली. मग पाटीतून एक ओलं, पिवळं पिल्लू उचलून त्याच्या ओंजळीत ठेवलं.

"आगं, ह्याचं वजन तरी लागतंय का हाताला!" आबा हसायला लागला. आबाला असं हसताना तिनं फार वर्षांत बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापर्यंत पाटी रिकामी होत आली. दोन अंडी नासकी निघाली. आणखी एक तसंच पडून होतं. चितरी ते सोडून पिल्लं घेऊन उठून गेली. हुस्नबानो ते उकिरड्यावर टाकायला निघाली होती, तर फकरूभाईनं ते हातातून घेतलं आणि कानाला लावलं.

"थांब. आत कुनीतरी हाय."

त्यानं ते फडक्यात गुंडाळून चुलीजवळ राखेच्या उबेला ठेवलं आणि गुडघ्यात डोकं घालून पुढ्यात बसून राहिला. दिवस कलताना कवच फुटलं. सगळ्यात शेवटी आलेला म्हणून त्याचं नाव धाकल्या. धाकल्याला चितरीनं जवळ घेतलं नाही, तेव्हा तो फकरूभाईच्या वाकळीत वाढला. त्याच्या तळहातावरच दाणे टिपायचा, आणि जरा पंख फुटल्यावर त्याच्या खांद्यावर बसून घरभर फिरायचा.

"दुनियेच्या कोंबड्यांनी ह्यो बगितला तर काय म्हनतील तुमाला?" हुस्नबानो विचारायची.

"काय म्हनायचं ते म्हनू द्यात," तो म्हणायचा.

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला तेव्हा तिनं पिल्लं वाटली. ज्याच्या घरी खुराडं त्याच्या घरी जोडी. गेणूच्या बायकोला तिनं आधी बोलावलं आणि त्यातल्या त्यात दणकट जोडी दिली. वाडीला सगळं पहिल्यासारखं वाटायला लागलं. फक्त सकाळ मुकी होती. मर आल्यापासून वाडी कोंबड्याच्या बांगेविना उठत होती, आणि म्हाताऱ्या माणसांना रोज उठताना चुकल्यासारखं वाटायचं.

भादवा गेला, दिवाळी झाली, भातं कापून खळ्यावर आली. सांडलेले दाणे टिपून पोरगेले कोंबडे तुकतुकीत झाले, त्यांचे तुरे लाल व्हायला लागले. आणि मग वाडीला एकदम आबाचा शब्द आठवला. पहिली बांग देईल तो देवीचा! आता एवढ्या कौतुकानं वाढवलेलं पाखरू जाऊ कोण देतो? कोंबड्याला मान ताणून वर करता आली नाही तर बांग देता येत नाही, हे कुणीतरी शोधून काढलं. झालं. दिवस बुडाला की वाडीतल्या घराघरांत कोंबड्यावर बुटकं डालगं पडायला लागलं. सरुबाईनं तर आपल्या काळ्याच्या डालग्यावर पाटा ठेवला. सगळे एकमेकांचं डालगं बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे.

एका संध्याकाळी फकरूभाईनंही कुठून तरी तसलंच डालगं आणून दारामागं ठेवलं. धाकल्या त्याच्या खांद्यावरच होता.

हुस्नबानोनं डालगं हातात घेतलं. धाकल्याला त्याखाली घालायचं तिच्याही मनात होतं. मनात नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. पण तिला आबाचे काट्यांनी फाटलेले पाय आठवले. ज्या माणसानं आपल्या कोंबडीपायी देवीला नारळावर थांबवलं, त्याच्या शब्दाला आपल्याच घरातून डालगं घालायचं? तिनं ते उचलून बाहेर भिंतीला टेकवून ठेवलं.

"आसू दे," ती म्हणाली. "ज्यानं दिला त्यो बगंल."

फकरूभाईनं मान हलवली. पण त्या रात्री त्यानं भाकर अर्धीच खाल्ली.

मार्गशीर्षाच्या थंडीतली पहाट होती. धुकं जमिनीला टेकलेलं. धाकल्या म्हशीच्या पाठीवर चढला, मान ताणली आणि त्यानं बांग दिली. पहिलीच बांग ती, मधेच फाटली. त्यानं पुन्हा दिली. ह्या खेपेला ती वाडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

फकरूभाई उठला, वळचणीत खोचलेली सुरी त्यानं काढली आणि फडक्यातून न सोडताच मांडीवर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसला. हुस्नबानोनं नवीन तांदळाचे दाणे धाकल्यापुढं टाकले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

उजाडल्यावर आबा आला. त्याच्या काखेत त्याचा काळा कोंबडा होता. मागं सरुबाई नारळ आणि हळद-कुंकवाची वाटी घेऊन. वाटेत गेणू आणि आणखी दोघं-तिघं जमले होते.

"फकरू, चल बाबा," आबा म्हणाला. "आमच्या काळ्यानं बांग दिली आज पहाटं."

फकरूभाई वळून बघतच राहिला.

"पर आबा," गेणू गोंधळून म्हणाला, "आवाज तर ह्या अंगानं... आन तुमच्या काळ्यावर तर काल सांजंला डालगं हुतं. वर पाटा हुता!"

"मग?" सरुबाई कडाडली. "डालग्याखालनं आवाज येत न्हाई व्हय? आमच्या घरातलं आमाला कळतंय का तुला?"

गेणूनं आबाकडं बघितलं. मग त्यानं मुलाण्याच्या दाराकडं बघितलं, जिथं त्यानं आषाढात उभं राहून तोंड सोडलं होतं. त्यानं डोक्याचं मुंडासं सारखं केलं.

"व्हय," तो म्हणाला. "म्या बी आयकला. काळ्याचाच हुता."

"आबा," हुस्नबानो पुढं झाली. "आबा, आसं कशाला..."

"तू गप ऱ्हा पोरी. वाघजाईचं न् माजं बोलणं झालंय." आबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्या काळ्याचा जीव तरी कुनाचा? तवा तू पाटीतनं कोंबडी काढून माज्या हातात दिलीस. मागितली न्हाई म्या, तरी दिलीस. ते मला गिळवंना बग आजून. चल, फकरू, ऊन वर आलं."

फकरूभाई सुरी घेऊन उठला. आबाच्या मागोमाग माणसं वाघजाईच्या वाटेला लागली. आणि ती जरा पुढं गेली नाहीत तोच, म्हशीच्या पाठीवर उभ्या असलेल्या धाकल्यानं पुन्हा मान ताणली आणि पहाटेपेक्षाही मोठ्यानं खणखणीत बांग दिली.

वाटेवरच्या एकाही माणसानं मागं वळून बघितलं नाही. आबाच्या काखेतला काळा मात्र टकमका इकडं तिकडं बघत होता.

हुस्नबानो धावली. भिंतीला टेकवलेलं ते डालगं तिनं ओढून आणलं, धाकल्याला म्हशीवरून खाली घेतलं आणि त्याच्यावर घातलं. मग त्यावर दोन्ही हातांनी रेलून बसली. आत धाकल्या चुळबुळत होता. तिच्या डोळ्यांतलं पाणी डालग्याच्या कामट्यांवर पडत होतं.

"गप रं राजा," ती म्हणाली. "ते परत येईस्तवर गप. आबाला खोटं पाडू नगंस."